कळा येतात कुठून?

घरात नातवंड येणार असे कळले की सर्वांत आधी कामाला लागते ती घरातील ज्येष्ठ पिढी. कोकणात तर हे अधिकच खरे आहे. मुलगा आणि सून मुंबईत, जावई पुण्यात, आणि बाळंतपणासाठी लेक माहेरी आलेली, असे चित्र गावोगाव दिसते. तळेऱ्यासारख्या गावाचा विचार करा. येथे मुंबई-गोवा महामार्गाला करूळ घाट उतरून आलेला कोल्हापूरचा रस्ता मिळतो आणि एक वाट विजयदुर्गाकडे निघते. गाव नाक्यावरचे असले, तरी आषाढातील मध्यरात्री वाडीतून गाडी काढायची की उजाडेपर्यंत थांबायचे, हा प्रश्न सुटत नाही. तो सोडविणारे बहुधा पासष्टी-सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबाच असतात. कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय गाठायचे, ओरोसला जिल्हा रुग्णालयात जायचे की आणखी थांबून पाहायचे, हे ठरविताना त्यांच्या हाताशी असतो तो स्वतःचा जुना अनुभव.

हा अनुभव मोलाचा आहे. त्याला थोडी शास्त्राची जोड मिळाली, तर तो अधिक उपयोगी ठरेल. म्हणून या वेळी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे वळू या. नऊ महिने शांत राहिलेल्या गर्भाशयाला कळा द्यायला सांगते कोण? त्या कळा थांबतात का, पुन्हा येतात का, आणि बाळ जन्मल्यावरही त्यांची गरज का उरते? याची उत्तरे शरीरातील काही अतिसूक्ष्म रेणूंपाशी आहेत. तेच रेणू, किंवा त्यांचीच प्रतिरूपे, आपल्या औषधांच्या डब्यातही असू शकतात. तेव्हा हा विषय केवळ बाळंतिणीचा नाही, आपलाही आहे.

निजलेला स्नायू

गर्भाशय हा मुख्यतः स्नायूंचा अवयव आहे. गर्भ नसताना त्याचे वजन साधारण ६० ते ७० ग्रॅम असते. पूर्ण दिवस भरेपर्यंत ते सुमारे एक किलोपर्यंत वाढते. एवढा बलवान स्नायू नऊ महिने आकसत नाही, हेच मुळात नवल आहे. त्याला शांत ठेवण्याचे काम प्रामुख्याने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक करते. प्रथम अंडाशयातून आणि पुढे वारेतून ते स्रवत राहते.

या शांततेचे एक कारण स्नायूच्या रचनेत आहे. गर्भारपणाच्या बहुतेक काळात गर्भाशयाच्या पेशी एकमेकींशी फारशा जोडलेल्या नसतात. एखादी पेशी आकसली तरी तिचा निरोप शेजारणीपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच सहाव्या-सातव्या महिन्यापासून पोट अधूनमधून कडक होते आणि पुन्हा सैल पडते. त्यात लय नसते. या खोट्या कळा. त्यांनी गर्भाशयाचे मुख उघडत नाही.

दिवस भरत आले की चित्र पालटते. प्रोजेस्टेरॉनचा प्रभाव ओसरतो आणि इस्ट्रोजेनचा वाढतो. स्नायूंच्या पेशींमध्ये लहान लहान पूल तयार होतात. त्यांतून विद्युत संदेश एका पेशीतून दुसरीत वेगाने जातात आणि सारे गर्भाशय एकाच वेळी आकसू लागते. त्याच काळात पेशींच्या पृष्ठभागावर ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला ओळखणाऱ्या ग्राहींची संख्या पुष्कळ वाढते. किल्ली आधीपासून असते, कुलुपे आता बसविली जातात, असे म्हणता येईल. हुकूम देणारा रेणू प्रत्यक्षात करतो एवढेच, की पेशीत कॅल्शियमचा ओघ वाढवितो. कॅल्शियम वाढले की स्नायूतील तंतू एकमेकांवर सरकतात आणि पेशी आकसते. ते बाहेर फेकले गेले की पेशी सैल होते. प्रत्येक कळेच्या चढ-उतारामागे कॅल्शियमची ही भरती-ओहोटी असते.

शेजारी निरोप देणारे रेणू

आता या लेखाच्या मुख्य पात्राकडे येऊ. त्याचे नाव प्रोस्टाग्लँडिन. नाव ऐकताच ज्येष्ठ पुरुष वाचकांना प्रोस्टेट ग्रंथी आठवेल, आणि ते योग्यच आहे. १९३०च्या दशकात स्वीडनमधील उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यात स्नायूंवर परिणाम करणारे एक द्रव्य आढळले. ते प्रोस्टेटमधून येत असावे, या समजुतीने १९३५ मध्ये त्यांनी त्याला हे नाव दिले. पुढे कळले की ही द्रव्ये एक नसून अनेक आहेत आणि शरीरातील जवळजवळ प्रत्येक ऊती ती बनवू शकते. नाव मात्र तेच राहिले.

प्रोस्टाग्लँडिन हे रूढ अर्थाने संप्रेरक नाही. संप्रेरक एका ग्रंथीत तयार होते, रक्तातून प्रवास करते आणि दूरच्या अवयवाला आज्ञा देते. प्रोस्टाग्लँडिन जागच्या जागी तयार होते, शेजारच्या पेशीला निरोप देते आणि लगेच नष्ट होते. त्यातून काही रक्तात उतरलेच, तर फुप्फुसांतून एक फेरी होताच त्याचा बहुतांश भाग निष्प्रभ होतो. पेशींच्या आवरणातील एका स्निग्धाम्लापासून ते बनते, आणि ते बनविणारे जे विकर आहे, त्याच्यावरच ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके काम करतात. हे १९७१ मध्ये इंग्लंडमधील जॉन वेन यांनी दाखविले. १९८२ मध्ये त्यांना स्वीडनच्या सून बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

बाळंतपणात प्रोस्टाग्लँडिनची कामे दोन. पहिले, गर्भाशयमुख मऊ करणे. एरवी हे मुख घट्ट असते, कारण ते कोलॅजेन या चिवट तंतूंनी विणलेले असते. दिवस भरल्यावर ही वीण सैल होते, त्यात पाणी शिरते आणि ते मुख पिकल्या फळासारखे मऊ होते. डॉक्टर तपासून ‘तोंड अजून पिकलेले नाही’ असे म्हणतात, त्याचा अर्थ हाच. दुसरे काम, स्नायूंना कळा देण्यास प्रवृत्त करणे. पाणमोट आणि गर्भाशयाचे आतले अस्तर येथे ही द्रव्ये तयार होतात. पाणमोट फुटल्यावर कळांचा जोर का वाढतो, याचे एक कारण येथे सापडते.

आपल्यापैकी पुष्कळांना एरंडेल आठवेल. दिवस भरूनही कळा येत नसल्या की ते पाजण्याची रीत घरोघर होती. २०१२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले, की एरंडेलातील रिसिनोलिक आम्ल आतड्यातील आणि गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिनच्याच एका ग्राहीवर काम करते. जुन्या रीतीत तथ्य होते. पण त्याच कारणाने ती घरी करण्याजोगी नाही. त्या तेलाने किती कळा येतील, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. उलट्या-जुलाबांनी गर्भवतीच्या अंगातले पाणी कमी होते, ते वेगळेच. गुण आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे, असा अर्थ काढू नये.

पान्हा आणि कळ

दुसरा रेणू ऑक्सिटोसिन. हे मात्र खरेखुरे संप्रेरक आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ते रक्तात येते. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी या ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकसते, हे नोंदविले. १९५३ मध्ये अमेरिकेतील व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी हा रेणू प्रयोगशाळेत जसाच्या तसा बनविला आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

याचे काम समजून घ्यायला गोठ्यात जावे. वासरू आचळाला लागले की गाय पान्हवते. वासराने ढुशी दिल्याची जाणीव मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जाते, ऑक्सिटोसिन सुटते आणि कासेतील दूध उतरते. बाळंतपणातही असाच निरोप जातो. बाळाचे डोके गर्भाशयमुखावर दाबले जाते, मुख ताणले जाते, त्या ताणाची वार्ता मेंदूकडे जाते, ऑक्सिटोसिन सुटते आणि कळ येते. कळेने डोके आणखी खाली सरकते, ताण वाढतो, ऑक्सिटोसिन वाढते. शरीरातील बहुतेक व्यवस्था अति झाले की स्वतःला आवर घालतात. ही व्यवस्था मात्र कार्य पूर्ण होईपर्यंत वाढतच जाते. बाळ बाहेर आले की मुखावरचा ताण संपतो.

अंगावर पाजताना ओटीपोटात कळ येते, ही तक्रार बाळंतिणी करतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती अधिक जाणवते. त्याचे कारणही हेच. बाळ स्तनाला लागले की सुटणारे ऑक्सिटोसिन दूध उतरविते आणि गर्भाशयही आकसविते. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे, असे डॉक्टर सांगतात. त्यात बाळाइतकेच आईचेही हित आहे.

या औषधाचा गैरवापर आपल्याकडे पुष्कळ झाला. दूध लवकर उतरावे म्हणून गाई-म्हशींना ते टोचले जाऊ लागले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील वापरासाठी त्याचे उत्पादन एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित करण्याचे ठरविले. बाळंतिणींचा जीव वाचविणाऱ्या औषधाचा तुटवडा होईल, अशी हरकत घेतली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एकच रेणू गोठ्यातही पोहोचतो आणि प्रसूतिगृहातही, म्हणून त्याची राखण अवघड होते.

दोन कळांमधला विसावा

‘डॉक्टर, एक इंजेक्शन देऊन हिला लवकर मोकळी करा हो.’ हे वाक्य प्रसूतिगृहाच्या दारात अनेकदा ऐकू येते, आणि ते बहुधा वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. त्यामागे माया असते. लेकीचे हाल पाहवत नाहीत. तरीही हा आग्रह का धरू नये, हे समजून घेतले पाहिजे.

कळ येते तेव्हा गर्भाशयाच्या भिंतीतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि वारेकडे जाणारे रक्त काही क्षण कमी होते. कळ ओसरली की ते पुन्हा वाहू लागते आणि बाळाला प्राणवायू मिळतो. दोन कळांमधला विसावा हा आईसाठी जितका, त्याहून अधिक बाळाच्या श्वासासाठी असतो. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या, तर डॉक्टर त्याला धोक्याची खूण मानतात. कळा वाढविणारे औषध प्रमाणाबाहेर गेले की हा विसावा हिरावला जातो. बाळ गुदमरू शकते. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या गर्भाशयावरचा जुना व्रण उसवू शकतो, आणि मग आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

म्हणून रुग्णालयात ऑक्सिटोसिन सलाइनमधून थेंबाथेंबाने देतात, बाळाचे ठोके वारंवार तपासतात आणि गरज पडताच थेंब बंद करतात. रक्तातील ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच उतरते, म्हणून ही लगाम हातात राहते. स्नायूत टोचलेले इंजेक्शन परत काढून घेता येत नाही. बाळ जन्मण्यापूर्वी कळा वाढविण्यासाठी घरी कोणी असे इंजेक्शन देऊ पाहत असेल, तर घरातील ज्येष्ठांनी तेथेच ठाम नकार द्यावा.

बेळगावची गोळी

बाळ जन्मले, रडले, नाळ कापली की घरच्यांना वाटते, सुटलो. गर्भाशयाचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र तेव्हाच सुरू होते. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जात असते. वार सुटते तेव्हा त्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांना टाके घालायला कोणी येत नाही. त्यांच्याभोवती जाळ्यासारखे विणलेले स्नायू घट्ट आकसतात आणि वाहिन्या आवळून बंद करतात. गर्भाशय सैल राहिले, तर रक्त थांबत नाही. जगभरात मातामृत्यूच्या प्रमुख कारणांत बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आहे. जुन्या सुईणी वार पडल्यावर पोट चाचपून ‘गोळा धरला का’ ते पाहत, त्यामागे हेच ज्ञान होते.

या रक्तस्रावाला आळा घालण्यासाठी बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. पण ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपावे लागते, आणि टोचायला शिकलेला माणूस लागतो. पावसाळ्यात दिवसदिवस वीज जाणाऱ्या वाडी-वस्तीवर शीतकपाटाचा भरवसा किती धरावा, हे कोकणातील वाचकांना सांगण्याची गरज नाही.

या अडचणीवर एक उत्तर आपल्या सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्यात शोधले गेले. मिसोप्रोस्टॉल ही प्रोस्टाग्लँडिनच्या धर्तीवर बनविलेली गोळी आहे. तिला शीतकपाट लागत नाही, सुई लागत नाही आणि ती स्वस्त आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात तिची कसून परीक्षा घेतली. १,६२० स्त्रिया तीत सहभागी झाल्या. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात होत होती आणि ती करीत होत्या गावोगावच्या परिचारिका, म्हणजे आपण ज्यांना एएनएम किंवा सिस्टर म्हणतो त्या. बाळ जन्मल्यावर निम्म्या स्त्रियांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिले आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळाले, हे देणारीलाही ठाऊक नव्हते.

निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्या स्त्रियांपैकी १२ टक्क्यांना अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव झाला होता. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्के होते. अतितीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. दर अठरा स्त्रियांना गोळ्या दिल्यावर एकीचा रक्तस्राव टळत होता. काहींना थंडी वाजून आली, थोडा ताप आला आणि तो उतरला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठीही या औषधाचा आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. आजही पहिली पसंती ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनलाच आहे. ते मिळण्यासारखे नसेल, तेथे ही गोळी जीव वाचविते. जगाच्या उपयोगी पडलेला हा पुरावा साध्या घरांतील बाळंतिणींनी आणि पायपीट करणाऱ्या सिस्टरांनी दिला, याचे आपल्याला अप्रूप वाटले पाहिजे.

मात्रा चुकली तर

दुसरी परीक्षा नागपूरची. गर्भारपणात रक्तदाब फार वाढला, तर काही वेळा कळा येण्याची वाट पाहणे धोक्याचे असते आणि त्या सुरू कराव्या लागतात. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत अशा ६०२ स्त्रियांवर दोन उपायांची तुलना झाली. एका गटात फुग्याची नळी घालून गर्भाशयमुख उघडले. दुसऱ्या गटाला मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची मात्रा दर दोन तासांनी तोंडाने दिली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळी घेणाऱ्यांपैकी ५७ टक्के स्त्रिया चोवीस तासांत नैसर्गिक मार्गाने बाळंत झाल्या, नळी वापरलेल्यांपैकी ४७ टक्के.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. बाळ पोटात असताना एका वेळी २५ मायक्रोग्रॅम, बाळ जन्मल्यानंतर ६००. औषध एकच, मात्रेत चोवीस पटींचा फरक. बाजारात रूढ असलेली गोळी मुळात पोटातील व्रणांसाठी बनविलेली आणि बहुधा २०० मायक्रोग्रॅमची असते. सुरू करण्याच्या मात्रेच्या ती आठपट आहे. कोणी ऐकीव माहितीवर ती कापून दिली, तर काय होऊ शकते, याची कल्पना यावरून यावी. सिझेरियन झालेल्या स्त्रीला दिवस भरल्यावर कळा आणण्यासाठी ती देऊ नये, असा स्पष्ट निर्देश आहे.

आजी-आजोबांच्या डब्यातले रेणू

ज्येष्ठ वाचकहो, आता आपला औषधांचा डबा उघडा. त्यात या गोष्टीतील पात्रे सापडण्याची शक्यता आहे.

काचबिंदूसाठी रात्री डोळ्यांत घालायचे लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट किंवा बिमाटोप्रोस्टचे थेंब हे प्रोस्टाग्लँडिनचेच भाऊबंद. डोळ्यातील द्रवाचा निचरा वाढवून ते दाब कमी करतात. थेंबातील मात्रा अत्यल्प असते, घाबरण्याचे कारण नाही. पण ही द्रव्ये त्वचेतून शोषली जाऊ शकतात, म्हणून गर्भवतीने बाटलीतील औषधाचा थेट स्पर्श टाळावा, अशी सूचना यांपैकी काहींच्या माहितीपत्रकात असते. घरात गर्भवती असेल, तर थेंब घालण्याचे काम दुसऱ्याने करावे. हातावर सांडलेच, तर साबणाने धुवावे.

गुडघेदुखीसाठी घेतलेल्या काही गोळ्यांत डायक्लोफिनॅकबरोबर मिसोप्रोस्टॉलही असते. वेदनाशामकाने पोटात व्रण होऊ नये, हा त्याचा हेतू. अशा संयुक्त गोळीत सहसा २०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल असते. ‘कंबर दुखते ना, माझी अर्धी गोळी घे,’ असे प्रेमाने सांगणाऱ्या आजीच्या हातून गर्भपात किंवा अवेळी कळा घडू शकतात. हा डबा गर्भवतीच्या हाती लागणार नाही, असा वेगळा ठेवा.

साधे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅकही देऊ नका. ही औषधे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. पोटातील बाळाच्या हृदयाजवळ एक रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते. जन्मापूर्वी तिचे उघडे राहणे आवश्यक असते. शेवटच्या महिन्यांत ही औषधे घेतली, तर ती अकाली आकसू शकते. बाळाच्या मूत्रपिंडांवरही परिणाम होऊन पाणमोटेतील पाणी कमी होऊ शकते. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला. मात्र डॉक्टरांनी गर्भवतीला रक्तदाबाच्या विकारापासून संरक्षण म्हणून ॲस्पिरिनची लहान मात्रा लिहून दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये. तो निर्णय तोलूनमापून घेतलेला असतो.

डब्यात कदाचित निफेडिपिनही असेल, रक्तदाबाचे. पेशीत कॅल्शियम जाण्याची वाट ते अडविते. ते अवेळी आलेल्या कळा रोखायलाही वापरतात. दोन दिवस जरी मिळाले, तरी बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून दिलेल्या इंजेक्शनांचा गुण येतो. कळा नसतानाच गर्भाशयमुख कमकुवत होऊन उघडत असेल, तर उपाय निराळा. ते टाक्याने बांधून ठेवण्याची पद्धत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये जगापुढे मांडली. ते गोव्यातील शिरोडा गावचे. जगभर तो टाका आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

घड्याळ घेऊन बसणारा माणूस

मग घरातील ज्येष्ठांनी नेमके करायचे काय? पुष्कळ काही, आणि ते दुसरे कोणी आपल्याइतक्या स्थिर मनाने करू शकणार नाही.

कळा सुरू झाल्या की कागद आणि घड्याळ घ्या. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटे गेली आणि कळ किती वेळ टिकली, हे लिहा. अंतर कमी होत जात असेल, जोर वाढत असेल, आणि कूस बदलून, चालून किंवा पाणी पिऊनही त्या जिरत नसतील, तर कळा खऱ्या. रुग्णालय दूर असेल, तर किती अंतराच्या कळांना निघायचे, हे आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. पहिलटकरणीपेक्षा दुसऱ्या खेपेची प्रसूती बहुधा लवकर होते, हे ध्यानात असू द्या.

काही खुणा दिसल्या तर घड्याळही पाहू नका, लगेच निघा. पाणी गेले, अंगावरून रक्त जाऊ लागले, बाळाची हालचाल मंदावली, सदतीस आठवड्यांपूर्वी कळा आल्या, पोट सतत ताठ राहू लागले, डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, झटका आला, किंवा पूर्वी सिझेरियन झालेले आहे आणि कळा सुरू झाल्या आहेत. १०८ किंवा १०२ वर फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत २०११ पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे आणि घरून नेण्या-आणण्याची सोय विनामूल्य आहे. रिक्षावाल्याचा किंवा गाडीवाल्या शेजाऱ्याचा क्रमांकही आधीच लिहून ठेवा. पावसाळ्यात कोणत्या ओढ्याला पूर येतो आणि कोणता रस्ता बंद होतो, हे तुम्हालाच सर्वांत चांगले ठाऊक आहे.

बाळंतीण घरी आल्यावरही पहिले दिवस लक्ष असू द्या. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील, ती फिकी पडून घामेजली असेल किंवा तिला भोवळ येत असेल, तर ‘बाळंतपणात एवढे जायचेच’ असे म्हणू नका. गर्भाशय सैल पडल्याची ती खूण असू शकते, आणि तेथे मिनिटांना किंमत असते.

कळा घडविणारे रेणू आपल्या हुकमात नाहीत. त्यांना त्यांचा वेळ देणे, घाईचे इंजेक्शन नाकारणे, आपल्या गोळ्या आपल्याजवळ ठेवणे आणि योग्य क्षणी दाराशी गाडी आणणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.